दोन इंच आत्मविश्वास

"माणसाचं तोंड खोटं बोलतं. पोट तर आत ओढून खोटं बोलतं! पण छाती? छाती टेपसमोर खोटं बोलूच शकत नाही. चाळीस वर्षं मापं घेतोय मी. ही मालिका कोण जिंकणार ते मला बातम्यांत ऐकायची गरज नाही. मी मोजलंय!"

मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता हे सांगितलं आणि त्यांच्या मुलीच्या हातातला चहाचा कप कलंडला. ती दचकली ती म्हणण्याने नव्हे, म्हणण्याच्या लांबीने. सात महिन्यांपूर्वी आई गेली आणि तिच्यामागोमाग मास्तरांचं बोलणंही गेलं. 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथे' एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. ग्रंथालयातून लांबलचक रजा काढून मुलगी येऊन राहिली होती. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. शिवणकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आणलेली पुस्तकं वाचून झाली, मग तिने दुकान साफ केलं, मग साफ झालेलं दुकान पुन्हा साफ केलं. मास्तरांचं आपलं 'ठेव तिथे'.

आणि आज हे भाषण!

झालं होतं असं. बास्केटबॉलच्या प्लेऑफची अंतिम मालिका चालू होती. सामने पाच, तीन जिंकेल तो विजेता. आपल्या गावाचा संघ पहिले दोन हरून बसला होता. दुसरा तर सत्तावीस गुणांनी. वार्ताहरांनी कोचला विचारलं, "आता काय?" कोच म्हणाला, "मालिका पाचांची असते. दोन झाले." एवढंच. हा आत्मविश्वास म्हणायचा की विसराळूपणा, यावर गावात दोन तट पडले. अशात मंगळवारी सकाळी कोच स्वतः मास्तरांच्या दुकानात शिरला.

"मास्तर, सूट शिवायचाय. पुढच्या रविवारी घालायचाय."

पुढचा रविवार म्हणजे पाचवा सामना! तो व्हायचा तर आधी तिसरा आणि चौथा जिंकायला हवा. मास्तरांनी काही न बोलता टेप उचलली. कोच जुनं गिऱ्हाईक. खांदा, बाही, उंची वहीत होतीच. हाडं बदलत नाहीत, मांस बदलतं, हे मास्तरांचं तत्त्व. म्हणून छाती आणि कंबर तेवढी नव्याने घेतली. वहीत छाती चाळीस. टेप म्हणाली बेचाळीस!

कोच गेला, आणि सात महिने बंद पडलेला नळ धो धो सुटला.

तासाभरात दुकानात सभा भरली. समोरचा बेकरीवाला संघाचा इतका कट्टर की बॅटरीवर चालणारा भोंगा घेऊनच सामन्याला जायचा. एरवी भोंग्याशिवायही त्याचा आवाज चौकापर्यंत पोचे. त्याच्या विरोधात गणिताच्या बाई. त्याही त्याच संघाच्या, पण आशेपेक्षा आकडेवारीवर प्रेम जास्त.

"शून्य-दोनवरून मालिका जिंकल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत," बाई म्हणाल्या.

"मग आहेत ना बोटं!" बेकरीवाल्याने दहाच्या दहा नाचवली.

"छाती वाढली म्हणजे माणूस जाड झाला. दुसरा अर्थ नाही."

"जाड होणारा माणूस पोटापासून सुरुवात करतो, बाई," मास्तर म्हणाले.

"बरं, मग कंबर किती निघाली?"

मास्तर जरासे अडखळले. "तीही दोन इंच वाढलीय."

"हं!"

"हं काय? आत्मविश्वास खाली उतरतोय. मुरतोय!"

ताई कोपऱ्यात बसून बापाचं एकेक वाक्य मनात गोळा करत होती. बास्केटबॉलशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. पण त्या क्षणी तिला वाटलं, हा संघ जिंकलाच पाहिजे. निदान बाबांचं बोलणं मुरेपर्यंत तरी!

संध्याकाळी बेकरीच्या पाटीवर खडूने लिहिलेलं होतं: 'पाव ताजा. कोचची छाती ४२.' दुसऱ्या दिवशी ते रिक्षांच्या पाठीवर आलं. गुरुवारी तिसऱ्या सामन्याला प्रेक्षकांत बेचाळीस आकड्याचे फलक उगवले आणि संघ अकरा गुणांनी जिंकला!

मग काय! शुक्रवारपासून दुकानापुढे रांग. कपडे शिवणं हा नुसता बहाणा. सगळ्यांना छाती मोजून हवी होती. पोस्टमन आला: दोन इंच वाढ. दातांचे डॉक्टर आले: दोन इंच वाढ! संघाचा कप्तान आला, तर माप घ्यायला मास्तरांना स्टुलावर चढावं लागलं. दहा दिवस त्याचा एक नेम धड लागत नव्हता. बिचारा विझलेल्या मेणबत्तीसारखा उभा होता.

"चव्वेचाळीस होती तुझी. आज सेहेचाळीस!" मास्तर वरून गरजले.

"खरंच?"

"टेप बोलतेय, मी नाही!"

रविवारी चौथ्या सामन्यात त्याने एकट्याने एकतीस गुण मिळवले. मालिका दोन-दोन! चौकात लोक नाचले, बेकरीवाल्याने भोंग्यातून मास्तरांचा जयजयकार केला, आणि मास्तर घरी येऊन दोन वेळा वाढून घेऊन जेवले. जेवताना बोलले. हात धुताना बोलले. ताई झोपायला गेली तरी दाराबाहेरून बोलत होते, "पोरी, त्यांचा बचाव डावीकडून कच्चा आहे बरं का!"

आठवडाभर मशीन खडखडत होतं. ट्रायलला यायला कोचला फुरसत नव्हती. शनिवारी सकाळी तो आला आणि पिशवी उचलून घाईघाईने गेला. दुपारी बाई आल्या. मास्तर बेकरीत व्याख्यान द्यायला गेले होते. बाईंनी ताईपुढे कागद ठेवला.

"तेवीस माणसं मोजली तुझ्या बाबांनी. सगळ्यांची वाढ दोन इंच. पावणेदोन कुणाची नाही, सव्वादोन कुणाची नाही. निसर्ग इतका नीटनेटका नसतो, ताई."

बाई गेल्या. ताईने टेप उचलली आणि खिडकीतल्या लाकडी पुतळ्याला गुंडाळली. या पुतळ्याची छाती छत्तीस; तसं त्याच्या मानेवर कोरलेलंच होतं.

टेप म्हणाली, अडतीस.

पुतळ्याचाही आत्मविश्वास वाढला होता!

ताईने टेपचं टोक बघितलं. टोकाला पितळी पट्टी होती. पण पट्टीनंतर पहिला आकडा होता तीन! एक आणि दोन गायब. आणि तिला लख्ख आठवलं. साफसफाईच्या दुसऱ्या फेरीत टेपचं टोक विरून चिंध्या झालेलं दिसलं होतं. तिने ते कात्रीने सरळ कापलं होतं, पितळी पट्टी डिंकाने परत नीट बसवली होती आणि स्वतःवर खूश झाली होती. बाबा चाळीस वर्षांच्या सवयीने टोक अंगठ्याने चाचपत आणि फक्त शेवटचा आकडा वाचत. अंगठ्याला पितळ लागत होतं. कापड मात्र ते लाकडी पट्टीने आखत, आणि तिचे इंच पुरे होते. मग झालं तर!

म्हणजे कोचची छाती चाळीसच होती. कप्तानाची चव्वेचाळीसच. अख्ख्या गावाने दोन इंच चिंधीवर दोन सामने जिंकले होते, आणि उद्या कोच पाच हजार लोकांसमोर दोन इंच ढगळ कोट घालून उभा राहणार होता!

सांगायला हवं होतं. मास्तर परत आले तसं तिने तोंड उघडलंही.

"बाबा, ती टेप..."

"थांब, आधी ऐक. काय म्हणत होतो मी?" मास्तर हसत खुर्चीत बसले. "तुझी आई असती ना, तर म्हणाली असती, एवढं काय छात्या मोजत बसलाय, भाजी आणा आधी!"

सात महिन्यांत 'तुझी आई' हे शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. ताईने तोंड मिटलं. "आणते मी भाजी," एवढंच म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. टेपची गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच.

रविवारी दुपारी तीन वाजता सामना. स्टेडियम खच्चून भरलेलं. मास्तर, त्यांच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला बाई, मागे भोंगेवाला बेकरीवाला. संघ आत आला. जल्लोष! मग कोच आला.

कोट त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. कोच वळला की कोट थोड्या वेळाने वळायचा.

जल्लोष घशातच अडकला. पाच हजार माणसं एकाच गोष्टीकडे बघत होती, आणि तिचा त्यांच्या मते एकच अर्थ होता.

"उतरली!" बेकरीवाला भोंग्यातून किंचाळला. "छाती उतरली! दोन इंच उतरली!"

हे मैदानावर ऐकू गेलं. कप्तानाने कोचकडे बघितलं आणि त्याचा पहिलाच फ्री थ्रो रिंगला न शिवता खाली आला. मग पासही चुकायला लागले. मध्यंतराला संघ चौदा गुणांनी मागे! तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोचने टाइम-आउट घेतला, तेव्हा प्रेक्षकांत मयताला आल्यासारखी शांतता होती.

"बाबा?" ताईने हळूच म्हटलं.

"हो," मास्तर म्हणाले. नजर कुठेच नव्हती.

"पाणी हवंय?"

"नको."

तिने बाटली पुढे केली. "निदान घोटभर..."

"ठेव तिथे."

ताई ताडकन उठली.

"बाबा, टेप मी कापली! पुढचे दोन इंच मीच कापले! कोचची छाती चाळीसच आहे, पहिल्यापासून चाळीस! उतरलीबितरली काही नाही!"

स्टेडियमभर घुमलं, "...काही नाही... काही नाही..." तिने मागे बघितलं. बेकरीवाला तोंड उघडं टाकून उभा होता आणि चालू भोंगा नेमका तिच्या तोंडाशी आला होता.

कोचने वर बघितलं. कप्तानाने वर बघितलं. पंचांनीही वर बघितलं! ताईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पहिल्या उठल्या त्या गणिताच्या बाई. "म्हणजे तिसरा आणि चौथा सामना आपण चाळीसवरच जिंकलो!" त्या ओरडल्या. वर्गातला आवाज, भोंग्याची गरजच नव्हती. "वाढ शून्य! चाळीस पुरते, सिद्ध झालंय!"

क्षणभर लोकांनी हिशेब ताडून बघितला. मग वरच्या रांगांतून सुरू झालं, "चा-ळीस! चा-ळीस!" बेचाळीसचे फलक उलटे करून लोक मागे चाळीस लिहू लागले. कोचने कोट काढून बाकावर भिरकावला आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या. कप्तानाने पुढचा चेंडू लांबून टाकला, थेट तीन गुण!

यापुढे काय झालं ते ताईला नीटसं सांगता येत नाही. कारण मास्तर तिच्याकडे वळले होते.

"कापलीस? टेप? पट्टी कशाने बसवली?"

"डिंकाने."

"डिंकाने!" मास्तर कळवळले. "अगं, पितळी पट्टी ठोकून बसवतात! आणि टेप विरली तर नवी आणतात, कापत नाहीत. पुस्तकांची पहिली दोन पानं फाडून देतेस का लोकांना? तेवीस माणसांचे कपडे बेतलेत मी! पोस्टमनच्या शर्टात आता दोन पोस्टमन मावतील! आणि तुझी आई, तिने तीस वर्षांत कधी माझ्या कात्रीला हात लावला नाही, आणि तू..."

आजूबाजूला लोक किंचाळत होते, उड्या मारत होते, कुणी ताईच्या डोक्यावर शेंगा सांडल्या. मास्तर चौथा क्वार्टरभर बोलत होते. ताई मान खाली घालून ऐकत होती, डोळे पुसत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "हो बाबा. आणखी?" शेवटच्या सेकंदाला कप्तानाने टाकलेला चेंडू रिंगवर तीनदा फिरून आत पडला, असं तिला मागाहून बाईंनी सांगितलं. संघ एका गुणाने जिंकला.

गर्दी ओसरल्यावर कोच कोट हातावर टाकून त्यांच्यापाशी आला. मास्तरांनी हात जोडले. "आमची चूक झाली. आत्ता आत घेऊन देतो."

"ते राहू दे. पण एक विचारते," बाई मध्येच म्हणाल्या, "शून्य-दोन असताना पाचव्या सामन्यासाठी सूट शिवायला टाकलात. तो आत्मविश्वास तरी खरा ना?"

कोचने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कसला आत्मविश्वास, बाई! आज माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं. तिसऱ्याच सामन्यात आपला निकाल लागेल आणि आजचा रविवार मोकळा मिळेल, असं धरून चाललो होतो. तसा शब्द दिला होता बायकोला. लग्न दुपारी लागलं. आता संध्याकाळच्या जेवणाला जायचंय, आणि ती फोनवर एकच म्हणतेय, माझ्या भावाचं लग्न चुकवायला तुम्ही मुद्दाम जिंकलात!"

मास्तर लगेच पुढे झाले. त्यांनी कोचच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला. मी येतो तुमच्याबरोबर. वहिनींना सगळं पहिल्यापासून समजावून सांगतो. म्हणजे कसं, मी मापं घ्यायला लागलो तिथून सुरुवात करू..."

दोघं दाराकडे निघाले. कोच सारखं घड्याळ बघत होता. ताई खुर्च्यांमधून वाट काढत मागून धावली.

"बाबा! बाबा, जरा थोडक्यात!"