आवतण घेऊन बैल आलेच नाहीत

मी जन्माचा संशयी माणूस. टरबूज वाजवून घेतो, दूध हुंगून घेतो. (लग्नाआधी मुलीचा फोटो उलटा करून मागेही पाहिला होता, हे माझी बायको दिपाली अजून चारचौघांत सांगते.) राळेगावात कृषी केंद्रात मी बियाणं विकतो, त्यामुळे फसवणूक कशी ओळखावी हे मला कुणी शिकवू नये.

माझे सासरे मारोतराव, त्यांना मीही बाबाच म्हणतो. गुडघ्यापायी त्यांनी बैलजोडी विकली. पोळा तोंडावर आला, तसा रिकामा गोठा पाहून त्यांना घास जाईना. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात मोबाईलवर एका गेमची जाहिरात आली. पांढरीशुभ्र जोडी, गळ्यात घुंगरं, कपाशीत डवरणी, म्हणजे कोळपणी चाललेली. 'तुमची स्वतःची जोडी!' मी संशयाने ती पुन्हा पुन्हा पाहिली, पार शिंगांपर्यंत तपासली आणि गेम बाबांच्या फोनमध्ये टाकून दिला.

"पोळ्यालेच उघडू," बाबा म्हणाले. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना चोळतात तसं त्यांनी फोनच्या कडांना हळद-तूप चोळलं आणि हात जोडून जेवणाचं आमंत्रण दिलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याला दिपाली पुरणपोळीचं ताट घेऊन उभी राहिली. मी गेम उघडला. आत रंगीत बोरं! तीन सारखी एका ओळीत आली की फुटायची.

"बैल कुठी हायेत, जावईबापू?"

"पुढच्या लेव्हलले असतीन, बाबा."

बाबा बोरं फोडत राहिले. बैल सोडा, शेणाचा पोसुद्धा दिसला नाही.

माझं डोकंच फिरलं. कंपनीला लिहिलं, 'जाहिरातीत बैल, आत बोरं! पंचनामा करा, नाहीतर ग्राहक मंचात खेचतो!' लगेच उत्तर आलं. 'आपल्या उत्साहाबद्दल धन्यवाद! चित्रे केवळ नमुन्यादाखल.'

"नमुन्यादाखल म्हणे! लबाड लेकाचे! सोडत नाही मी त्यायले!"

बाबांनी चष्मा काढला. "मी तुमच्या दुकानातून कपाशीचं पाकीट नेलतं. फोटोत झाड बोंडायनं लदलं होतं. माह्या वावरात नुसता पाला. इचारलं, तं तुमीच म्हणालते, फोटो नमुन्यापुरता असते."

"ते... पावसाचं कमी-जास्त झालतं, बाबा."

"असन. पण आवतण तं देऊन बसलो. आता जेवाले कोणी तरी पाहिजे ना?"

दिपालीने क्षणभरही विचार न करता ताट माझ्याकडे वळवलं आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. कित्येक दिवसांनी बाबा पोट धरून हसले.

पुरणपोळीचा घास माझ्या तोंडात कोंबत ती म्हणाली, "तुमच्या जावयाचंबी तसंच हाये, बाबा. फोटोत लय कामाचे दिसत होते."