पेशीच्या सीमेवरील फितुरी

ज्या प्रदेशाची सीमा वादात असते, तेथे जन्मणाऱ्या प्रत्येकास सीमाशास्त्राचे ज्ञान उपजतच असते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात या विषयाची एकही शाळा काढावी लागली नाही, ती त्यामुळेच.

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतील विणकर सिद्राम यांना कावीळ झाली. त्यांच्या पत्नी मालुबाई यांची भाची प्रियदर्शनी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. तिने सांगितले, की यकृताच्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. विषाणू आत शिरतो, त्या स्निग्धांशाची मांडणी आपल्या सोयीने बदलतो आणि निघताना त्याच आवरणाचा तुकडा पांघरून बाहेर पडतो.

पेशीलाही हद्द असते आणि तीवर घुसखोरी होते, हे कळताच रोग वैद्यकशास्त्राच्या हातून सुटून आमच्या अखत्यारीत आला.

उद्यमबागेतील कारखान्यात तीस वर्षे ओतकामाचे साचे तपासलेल्या मष्णूअण्णांच्या अध्यक्षतेखाली यकृत सीमा संरक्षण समिती त्याच सायंकाळी स्थापन झाली (सदस्य अकरा, पैकी उपाध्यक्ष नऊ). समितीचा तर्क निर्दोष होता. शत्रूला वाट दिली कोणी? चरबीने. पांघरूण दिले कोणी? चरबीने. अर्थात चरबी फितूर आहे. आणि फितुराची रसद तोडणे ओघानेच आले.

गल्लीतील त्रेचाळीस घरांत फोडणीस बंदी झाली. तपासणी नाकाने होई (उपकरणास मंजुरी मिळाली नव्हती). पहिल्या आठवड्यात चौदा फोडण्या पकडल्या गेल्या. त्यांतील पाच उपाध्यक्षांच्याच घरच्या निघाल्याने त्या जागीच खाऊन नष्ट करण्यात आल्या. डोक्याला लावायच्या खोबरेलाबाबत मतभेद झाले, म्हणून स्वतंत्र उपसमिती नेमून तिचे प्रमुखपद भावकू यांना देण्यात आले. त्यांना संपूर्ण टक्कल असल्याने निःपक्षपातीपणाबद्दल शंका उरली नाही.

सिद्राम यांना केवळ पांढरा भात आणि उसाचा रस (बर्फासह) मंजूर होता. नवव्या दिवशी त्यांना पाण्याचा पेलाही उचलेना. समितीने याची नोंद ‘सीमेवर शांतता’ अशी केली.

मालुबाई घाबरल्या. त्यांनी भाचीला बोलावून घेतले. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून ती म्हणाली, “आत्ती, पेशी आपली चरबी आपणच करती. तुमच्या कढईची वाट बघत न्हाय ती. पाणी उकळून द्या, आन् मामांना पोटभर जेवू घाला.”

त्या दुपारी वरणभातावर तूप पडले. वास सुटताच समिती दारात हजर झाली आणि मष्णूअण्णांनी ठराव क्रमांक सात खड्या आवाजात वाचून दाखवला. मालुबाई घास भरवता भरवता, मागे न वळता म्हणाल्या, “अण्णा, तुमचा ठराव लई बाळसेदार झालाय. आता माझ्या माणसाकडं बी बघा की, काय उरलंय त्येच्यात?”

हे निवेदन अभिलेखात घेण्यात आले (उत्तर विचाराधीन आहे).

महिन्याभरात सिद्राम मागावर बसले. समितीचा अंतिम अहवाल सांगतो, की मध्यंतरी तूप खाऊनही रुग्ण बरा झाला, यावरून बंदीचा परिणाम किती खोलवर झाला होता हे सिद्ध होते.

अहवालास एक परिशिष्ट आहे. येथवर समितीस मनसोक्त हसलेल्या, परंतु वरणभातावर तूप पडताच ‘तरीपण काविळीत तूप म्हणजे जरा...’ असे मनात म्हणालेल्या सर्व वाचकांची समितीवर एकमताने निवड झालेली आहे. अर्जाची आवश्यकता नाही. सर्वांना उपाध्यक्षपद मिळेल.