डोक्यावरून गेलेलं इलॅस्टिक

“गुन्हेगार पाहिला की मला त्याचा गुन्हा दिसतो. पुष्कळदा गुन्हेगार दिसायच्या आधीच दिसतो. हे शिकून येत नाही, अंगातच असावं लागतं.”

हे वर्णन माझ्या भाऊजींचं, आणि ते केलंय भाऊजींनीच. नव्या माणसाशी ओळख झाली की स्वतःचं नाव सांगायच्या आधी ते हे सांगतात. विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात त्यांची उमर गेली. एकदा एकाने चोरीला गेली म्हणून पैसे मागितलेली सायकल त्यांना त्याच माणसाच्या मोरीत सापडली. त्या सायकलवरून ते अजून खाली उतरलेले नाहीत.

मी त्यांचा मेहुणा. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. साथ आली, दुकान बंद झालं, आणि रिकामा मेहुणा नजरेस पडल्याबरोबर भाऊजींनी त्याचा सहाय्यक करून टाकला. पगार नाही. बढतीची आशा नाही. राजीनामा दिला तर तो ते संशयास्पद मानतात.

ताई, म्हणजे माझी बहीण आणि त्यांची बायको, हॉस्पिटलात नर्स आहे. साथ सुरू झाल्यापासून ती घरी येत नव्हती, हॉस्पिटलशेजारच्या होस्टेलवरच राहत होती. एकदा फोनवर बोलता बोलता ती म्हणून गेली की तोंडासमोर लावायची फेस शील्ड वॉर्डात दोघींना मिळून एकच आहे. एकीची पाळी संपली की दुसरी ती पुसून लावते. भाऊजी एरवी कशावरही मत देतात. त्यावर मात्र त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे दुकानाची किल्ली मागितली. वह्या-अहवालांना बाइंडिंग करताना वर लावायचं पारदर्शक प्लास्टिक माझ्याकडे गठ्ठ्यांनी पडलं होतं.

आमच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी त्यांची खोली उघडून दिली. भिंतीवर क्लच-ब्रेकची चित्रं, मधल्या टेबलावर आमचं सामान. बाईंना शिकवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या आम्हालाच अंतर ठेवा, वळताना हात दाखवा, असं सांगत असत. शिंपीकाका इलॅस्टिक कापायचे. कोपऱ्यावरच्या बंद जिमचा मालक, ज्याला सगळे जिमवालाच म्हणत, कपाळाला टेकणारी स्पंजची पट्टी चिकटवायचा. मी प्लास्टिक कापून स्टेपल मारायचो. भाऊजी देखरेख करायचे, म्हणजे चहा पीत पाठीमागे उभे राहायचे.

इलॅस्टिकचं रीळ बटण-लेसच्या दुकानदाराने अर्धं शटर वर करून दिलं होतं. त्याच्याकडचं ते शेवटचंच. एवढ्या प्लास्टिकला ते पुरून उरेल, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

पहिला खोका ताईच्या वॉर्डात पोचला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीच्या शील्ड करायला घेतल्या, आणि निम्मं प्लास्टिक शिल्लक असतानाच रिळाचा पुठ्ठा उघडा पडला. बाजारात इलॅस्टिक औषधालाही नव्हतं. जो तो घरी मास्क शिवत बसला होता. आणि शेजारच्या दोन वॉर्डांनी ताईकडे आधीच निरोप ठेवला होता की आमचंही बघा.

बाई म्हणाल्या, अंदाज चुकला असेल. भाऊजींनी रिकामा पुठ्ठा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला आणि त्यातून आम्हा सगळ्यांना एकेक करून पाहिलं.

“अंदाज चुकत नाही, माणसं चुकतात,” ते म्हणाले. “इलॅस्टिक चोरीला गेलंय. आणि ते आतल्याच माणसाने नेलंय.”

बाई म्हणाल्या, उगाच प्रकरण ताणू नका. पण प्रकरणच इलॅस्टिकचं, ते ताणलं जाणारच होतं.

पहिला संशय जिमवाल्यावर. दंड फुगवायला रबरी पट्टे लागतात आणि रबरी पट्ट्यांची लहान बहीण म्हणजे इलॅस्टिक, असा भाऊजींचा सिद्धांत. तो दुपारी स्पंज आणायला निघाला तेव्हा आम्ही त्याच्या मागावर गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा रस्त्यावर दोन माणसं तिसऱ्याच्या मागे ठराविक अंतराने चालली तर ती पाळत दिसत नाही, रांग दिसते. तोही रांगच समजला असावा, कारण दुकानापाशी त्याने मागे वळून स्पंजचं एक एक पोतं आमच्या खांद्यावर दिलं. परतताना भाऊजी धापा टाकत म्हणाले की हा निर्दोष आहे. अपराधी माणूस दुसऱ्यावर इतका भार टाकत नाही.

मग पाळी शिंपीकाकांची. शिंप्याच्या हाती इलॅस्टिक म्हणजे मांजराच्या पुढ्यात दूध, असं म्हणत भाऊजींनी त्यांच्या कमरेकडे रोखून पाहिलं आणि विजार कशावर उभी आहे ते विचारलं. काकांनी शांतपणे सदरा जरासा उचलून लोंबती नाडी दाखवली. जन्मभर लोकांच्या विजारींना इलॅस्टिक लावलं, म्हणाले, पण स्वतःच्या अब्रूचा प्रश्न आला की नाडीच बरी.

“नाडी सापडली,” भाऊजी माझ्या कानात पुटपुटले, “पण गुन्ह्याची नव्हे.”

त्यानंतर बटण-लेसवाला. त्याने मुद्दाम जाड पुठ्ठ्याचं रीळ देऊन गंडवलं, असा तर्क निघाला. बाईंनी आठवण करून दिली की त्याने ते फुकट दिलं होतं. फुकट दिलेल्या मालात फसवणूक करणारा माणूस किती खोल पाण्यातला असेल, यावर भाऊजींनी थोडा वेळ विचार केला.

शेवटी माणसं संपली आणि मी उरलो. त्यांनी माझ्या कानांमागे अडकवलेल्या मास्कच्या फासाकडे बोट केलं आणि हे इलॅस्टिक कुठलं, असं विचारलं. मी सांगितलं की ते त्यांच्याच जुन्या मोज्याचं आहे. जोडीचा मोजा अजून घरी आहे, हवा तर जुळवून बघावा. त्यांनी तपास तात्पुरता स्थगित केला.

दुपारच्या चहाला त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. रहस्याचा उलगडा सगळ्यांना बोलावूनच करायचा असतो म्हणे, उलगडा हाती असो वा नसो. अंतर पाळायचं म्हणून बाई दारात, काका खिडकीपाशी, जिमवाला बाहेर शिकाऊ गाडीत काच खाली करून बसला. भाऊजी दोन मास्कांआडून गरजले, “गुन्हेगार इथेच आहे.” जिमवाल्याला ते “ऊन फार इथेच आहे” असं ऐकू आलं. त्याने भल्या मनाने उठून आत येऊन पंखा लावला. स्पंजच्या पट्ट्या खोलीभर उडाल्या, आणि त्या गोळा करण्यात गुन्हेगाराचं नाव राहून गेलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा. मी स्पीकर लावला.

शील्ड मिळाल्या, ती म्हणाली, सगळ्यांनी तुमचं नाव काढलं. पण लावली की ती नाकावरून घसरून गळ्यात येते. एका पेशंटने विचारलं, सिस्टर, ताट गळ्यात का अडकवलंय. सगळ्या जणी मागे गाठी मारून काम चालवतायत.

मग तिने विचारलं, “माप कुणाच्या डोक्याचं घेतलं?”

शिंपीकाका खाकरले. आपण पहिल्याच दिवशी एखादं नमुन्याचं डोकं मागितलं होतं, ते म्हणाले, तेव्हा साहेब स्वतःच पुढे झाले. शिवाय सुरक्षेसाठी चार बोटं जास्त धरा, असंही म्हणाले.

फोनवर ताई बराच वेळ हसत होती. इतक्या दिवसांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. “अहो,” ती म्हणाली, “तुमच्या मापाचं हेल्मेट शोधत आपण किती दुकानं पालथी घातली, विसरलात? ते डोकं जगाला लावायला निघालात?”

तर अशी चोरी. रीळ कुठे गेलं नव्हतं. ते सगळंच्या सगळं शील्डना लागलं होतं, थोडं जास्तच लागलं होतं. तयार शील्ड खोलीतच पडल्या होत्या. काकांनी बाईंच्या डोक्याचं माप घेऊन हिशेब सांगितला: वाढीव तुकडे कापायचे, दोन तुकडे जोडले की एका शील्डचं काम होतं. काकांचं शिलाई मशीन चालू झालं. भाऊजी खाली बसले आणि नखांनी स्टेपलच्या पिना उचकटू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची बोटं सोलवटली होती आणि खोके भरले होते.

खोके घेऊन आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाशी गेलो. आतून नखशिखांत पांढऱ्या झग्यातली एक व्यक्ती ढकलगाडी घेऊन बाहेर आली. मास्क, टोपी, वर शील्ड. भाऊजींनी माझा दंड धरला. हजारांत मी तिची चाल ओळखीन, ते म्हणाले, आणि मला मागेच उभं करून पुढे गेले.

मग ते बोलू लागले. घर खायला उठतं, ते म्हणाले. तू फोन ठेवलास की मी फोनकडेच बघत बसतो. डोक्याचं मी मुद्दाम केलं नाही. आपल्या शील्डने तुझा सगळा चेहरा झाकला जावा, एवढंच मनात होतं, म्हणून चार बोटं जास्त धरली.

समोरच्या व्यक्तीने सगळं ऐकून घेतलं. मग ती भारदस्त पुरुषी आवाजात म्हणाली, “काका, मी डॉक्टर आहे. सिस्टर त्या मागे उभ्या आहेत.”

मागे दुसरी ढकलगाडी होती, आणि तिच्यामागे तसाच दुसरा पांढरा झगा.

भाऊजी एकदा फसले होते. आता ते पुरावा घेतल्याशिवाय पुढे जाणार नव्हते. “मी झोपेत काय बोलतो ते सांग,” त्यांनी विचारलं.

“तुम्ही झोपेत बोलत नाही,” झगा म्हणाला. “घोरता.”

ओळख पटली. डॉक्टर आपली गाडी घेऊन बाजूला झाले. मघाचं सगळं भाऊजींनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, पण या खेपेला आवाज इतका बारीक होता की मला एक शब्द ऐकू आला नाही. सहाय्यकाने सगळंच ऐकायचं नसतं. मी खोके उतरवायला लागलो.