गिटारची कवळी

कवळीवाल्यांनी गिटार घरात आणली तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"कुणाची आहे?"

"आपली."

"आपल्यात वाजवतं कोण?"

"मी शिकतोय."

"लोकांचे दात बसवून भागलं नाही वाटतं? आता कान किटवणार!"

खरं कारण कवळीवाल्यांनी पोटातच ठेवलं. पूर्वी कपडे वाळत घालताना, केर काढताना बायकोच्या ओठांवर एक अंगाई असायची. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी ती अंगाई घर सोडून गेली नव्हती. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घर मुकं झालं. आता रविवारी ती तान्हुलीला घेऊन पहिल्यांदा येणार होती. आपण सुरांची साथ धरली तर बायको पुन्हा गाईल, एवढंच मागणं त्यांनी मनोमन देवापाशी ठेवलं होतं.

गिटार स्वस्तातली होती. स्पीकरची वायर खुपसायला कडेला भोक होतं, कुशीत दोन बटणं होती. पण तारा इतक्या उंच, की दाबताना बोटांवर वळ उठत. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती कवळीवाल्यांनी काढली आणि कानस घेतली. त्यांची कामाची रीत एकच: बसवून बघायचं, टोचलं की घासायचं, पुन्हा बसवायचं. घासता घासता पट्टी इतकी खाली बसली, की तारा लाकडावर आडव्या झाल्या. छेडलं की आत गांधीलमाशी कोंडल्यासारखी भणभण.

"आता घासून उंच होते का बघा," बायको आतून म्हणाली.

मग त्यांनी कवळीच्याच मसाल्याची नवी पट्टी ओतली. हिरडीसारखी गुलाबी. तारा काढलेली गिटार टेबलावर आ वासून उताणी पडली होती. कवळीवाले निवृत्त मुख्याध्यापकांच्या वरच्या कवळीला शेवटची चकाकी देत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, ही फार रडते हो! तुम्हाला झेपेल ना?" मुलगी विचारत होती.

"अगं, तू ये तर!" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि हुरूप येऊन तारा चढवल्या. पट्टी झकास बसली होती. सूरही गोड. पण प्रत्येक सुरामागून खडखड! स्पीकर लावला तर दगडाची गाडी रिकामी केल्यासारखा आवाज. त्यांनी बॅटरी बदलली, बटणं आवळली, वायरला चिकटपट्टी गुंडाळली. खडखड हटेना. त्यात मुख्याध्यापकांची कवळी सापडेना. खण उपसले, साखरेचा डबा पाहिला, चपलाही झटकून झाल्या.

"सरांना काय सांगू गं?"

"सांगा, गाणं शिकतोय."

रविवारी मुलगी दारात आली. कडेवर तान्हुली, टाहो फोडत. पाठोपाठ मुख्याध्यापक, बोळक्या तोंडानं: "माजे दात?"

"बसा सर, शेवटचा हात फिरवतोय," असं म्हणत कवळीवाल्यांनी घाबरून गिटारच उचलली आणि छेडली. खडखड, खडखड! तान्हुली गप्प झाली. डोळे मोठ्ठे केले आणि खुदकन हसली.

"बाबा, थांबू नका!"

पण मुख्याध्यापक उठून उभे राहिले होते. आयुष्यभर पोरांच्या दप्तरांतले आवाज ओळखत आलेला माणूस तो. "आत काय आहे? पालथी करा!"

गिटार पालथी झाली, हलली, आणि तारांआडून गुलाबी हिरडीसकट दातांची अख्खी रांग बाहेर डोकावली.

"अय्या, गिटार हसतेय!" मुलगी ओरडली.

कवळीवाल्यांना तेव्हा कुठे उमगलं. हातात कवळी आणि समोर उघडं तोंड असलं, की हात आपोआप पुढे जातो. फोनकडे धावताना त्यांनी इमानानं गिटारला दात बसवले होते.

तारा सैल करून कवळी काढली, धुतली. मुख्याध्यापकांनी ती बसवून चावून पाहिली. इकडे खडखड गेली तशी तान्हुली पुन्हा सुरू.

"सर," मुलगी काकुळतीला आली, "घटकाभर परत देता का?"

"मुळीच नाही!" नव्या दातांनी उच्चारलेले ते पहिले शब्द अगदी स्पष्ट होते.

आजीनं नातीला उचललं, थोपटलं. काही उपयोग झाला नाही. कवळीवाल्यांनी तारा जुळवल्या आणि चाचपडत ती अंगाई सुरू केली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत घसरले. पुन्हा वाजवली, पुन्हा तिथेच.

"अहो, तिथे वर जायचं."

"कुठे वर?"

"किती वेळा ऐकलीत! असं..." म्हणून तिनं ती ओळ म्हणून दाखवली. मग पुढची. मग थांबायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तान्हुलीची मान खांद्यावर कलली. मुलगी आईकडे बघत डोळे पुसत होती. मुख्याध्यापक काही बोलायला गेले, तर मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. ते निमूट तोंड मिटून बसले.

पाहुणे गेले त्याला बरेच दिवस झाले. ती दुसरी ओळ कवळीवाल्यांना आता डोळे मिटून वाजवता येते. पण बायको केर काढायला लागली, की ते गिटार घेऊन बसतात आणि नेमके तिथेच चुकतात.

"अहो, वर!"

"कुठे?"

आणि ती म्हणून दाखवते.