गबूसाहेबांना घरी नेण्याबाबत

विषय : गबू हत्ती, वय वर्षे दोन, यास मौजवनातून घरी नेण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदारांची तोंडी विनवणी.

बाळांनो, मांडी घालून बसा. उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचे ते असे, की एका जंगलात दंतोपंत नावाचे हत्ती, त्यांची बायको मंदाकिनी आणि त्यांचा मुलगा गबू असे तिघे राहत होते. 'उपरोक्त' म्हणजे वर सांगितलेले. मोठे झालात की हा शब्द रोज लागेल, तेव्हा आताच पाठ करून ठेवा.

गबूला तीन शब्द येत. 'नको', 'माझं' आणि 'भूर'. घास पुढे केला की नको. तोच घास दुसऱ्याने उचलला की माझं. आणि घरात कंटाळा आला की भूर. एवढ्यावर त्याचे सगळे भागत असे. दंतोपंतांना याची काळजी वाटे. मंदाकिनीला वाटत नसे.

"तुमच्या वडिलांना दोनच येत होते," ती म्हणे. "तरी त्यांचं लग्न झालं."

त्याच जंगलात मौजवन नावाची एक मोठी बाग होती. ती बांधण्यासाठी बरेच जंगल तोडावे लागले. तोडलेल्या झाडांच्या जागी प्लास्टिकची झाडे लावली. त्यांवर किल्ली दिली की गाणारे पक्षी बसवले. नदी बुजवली आणि नळाने धबधबा सोडला. तो बागेच्या वेळात पडत असे आणि जेवणाच्या सुट्टीत बंद असे. जंगलातले प्राणी रजा काढून तिथे जात आणि परत येऊन सांगत, की अगदी जंगलात गेल्यासारखे वाटले.

एके दिवशी शेजारच्या रानडुकरीणबाई कुंपणाशी आल्या.

"गबूला अजून मौजवन दाखवलं नाहीत? आमची सगळी जाऊन आली हो. शेंडेफळाला तर ते पोटात असतानाच नेलं होतं मी."

"तो दोन वर्षांचा आहे," दंतोपंत म्हणाले. "त्याच्या काय लक्षात राहणार?"

"लक्षात फोटोंनी ठेवायचं असतं, भावजी. त्याने फक्त हसायचं."

त्या वेळी गबू घरामागच्या चिखलात लोळत होता आणि फोटो नसतानाही हसत होता. मंदाकिनीने त्याच्याकडे पाहिले. मग शेजारच्या कुंपणाकडे पाहिले. डुकरांची पोरे तिथे ओळीने उभी होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मौजवनाची टोपी होती.

"आपण जायचं," ती म्हणाली. "चिखलात लोळून कुणाचं भलं झालंय?"

डुकरीणबाईंनी मान डोलावली. चिखलाबद्दल असे काही बोलले गेले की त्या सहसा मान डोलावत नसत. पण टोपीचा परिणाम.

मौजवनाच्या दारावर लांडगे नावाचा लांडगा होता. त्याच्या हातात बांबू होता आणि बांबूवर तांबडी रेघ होती. रेघेखाली डोके राहिले तर बालक. रेघेवर गेले तर प्रौढ. जंगलात वयाचे दाखले कुणाकडे नसतात, म्हणून ही सोय. सोय फार चांगली होती. त्यात विचार करावा लागत नसे.

रांगेत गबूच्या पुढे कासवआजोबा होते. त्यांनी जंगलातले वड रोपटे असताना पाहिले होते. लांडग्याने त्यांच्याशेजारी बांबू उभा केला.

"बालक," तो म्हणाला. "सोबत मोठं कोण आहे?"

"माझ्याहून मोठं आता कुणी उरलं नाही रे बाबा," आजोबा म्हणाले.

लांडग्याने त्यांच्या पायाला फुगा बांधला आणि त्यांना बाळबागेत पाठवून दिले. मग गबूची पाळी आली. गबू पुरा हत्तीचा मुलगा होता. रेघ त्याच्या गुडघ्याच्या जरा वर आली.

"प्रौढ," लांडगा म्हणाला आणि गबूच्या सोंडेला निळी पट्टी बांधली.

"अहो, तो अजून अंगावर पितो," मंदाकिनी म्हणाली.

"प्रौढांनी दूध पिऊ नये असा नियम नाही, बाई. पुढे सरका."

"अहो, पण तुम्हीच बघा ना त्याच्याकडे."

"बघायचं काम बांबूचं. माझं काम धरायचं."

दंतोपंतांनी तिला बाजूला घेतले. "जाऊ दे गं. आत गेल्यावर बघू."

बाळांनो, 'आत गेल्यावर बघू' असे म्हणून जगात जेवढे आत गेले, त्यांतले फार थोडे बाहेर आले आहेत.

आत मोठा पाळणा होता. गबू म्हणाला, नको. घसरगुंडी होती. नको. पाहुण्यांचे स्वागत करायला एक भलामोठा गुलाबी हत्ती उभा होता. त्याच्या कातडीत दोन कोल्हे होते, एक पुढे आणि एक मागे. त्याला पाहून गबू आईच्या पोटाखाली शिरला. दंतोपंतांना मात्र जातभाई भेटल्याचा आनंद झाला.

"कुठले आपण?" त्यांनी आदराने विचारले.

"पुढच्याला विचारा," हत्तीच्या मागच्या भागातून आवाज आला.

मग गबूला बाळबाग दिसली. तिच्या मधोमध एक खड्डा होता आणि खड्ड्यात खराखुरा चिखल होता. जंगलात उरलेला थोडाफार चांगला चिखल खास आणून टाकला होता. गबू पळत सुटला आणि ओरडला, "माझं."

फाटकावरच्या रखवालदाराने निळी पट्टी पाहून आडवी काठी धरली. "प्रौढांना मनाई आहे, साहेब." चिखलात कासवआजोबा बसले होते. त्यांनी आतून हात हलवला.

गबू भोकाड पसरून रडला. त्यावरून मंदाकिनी आणि दंतोपंत यांच्यात इथे यायची कल्पना मुळात कुणाची, असा वाद सुरू झाला. वाद रंगला. तो रंगला असताना मुलाकडे दंतोपंत बघताहेत असे मंदाकिनीला वाटत होते आणि मंदाकिनी बघते आहे असे दंतोपंतांना. वाद संपला तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे निघाले आणि मूल नव्हते.

गबू गेला होता समोरच्या कचेरीत. दारावर 'तक्रार निवारण' अशी पाटी होती. आत निवारण करणाऱ्या अधिकाऱ्याची जागा फार दिवस रिकामी होती. तक्रारी मात्र नियमित येत, त्यामुळे रांग दाराबाहेर गेली होती. बाजूच्या टेबलाशी घोरपडे नावाची घोरपड कारकुनी करत होती. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या खात्यात याला अनुभव म्हणतात.

रिकामी खुर्ची गोल फिरणारी होती. गबू तीत चढून बसला आणि खुर्ची फिरली. सबंध मौजवनात त्याला आवडलेली ती पहिली गोष्ट.

रांगेतला ससा पुढे झाला. "साहेब, पाळण्यात माझा कान अडकला. दाद हवी."

"नको," गबू म्हणाला.

ससा विचारात पडला. या कचेरीतून इतके स्वच्छ उत्तर कुणाला कधी मिळाले नव्हते. तो नमस्कार करून गेला.

लांडोर पुढे आली. "माझी छत्री हरवलीय. ती कोपऱ्यातली माझीच दिसते."

गबूने छत्री सोंडेत घेतली. "माझं."

लांडोरीने मान खाली घातली आणि ती गेली. तिच्यामागे तरस होते. "मग आमचा निर्णय कधी?"

गबूला आता कंटाळा आला होता. "भूर," तो म्हणाला.

"साहेब दौऱ्यावर निघालेत," घोरपड्याने रांगेला समजावले. "आल्यावर बघतील. गर्दी करू नका."

क्षणात कचेरी रिकामी झाली. घोरपड्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने या खुर्चीत बरेच जण पाहिले होते. हे तीन शब्द शिकण्यात कित्येकांची उभी नोकरी गेली. काही दोनवरच निवृत्त झाले. आणि इथे एक तरुण अधिकारी पहिल्याच दिवशी तिन्ही बोलत होता, तेही योग्य जागी. त्याने निळी पट्टी तपासली. उमेदवार प्रौढ होता. घोरपड्याने नेमणुकीचा हुकूम काढला, आणि सही म्हणून गबूचा पाय उठवून घेतला.

शोधत शोधत मंदाकिनी आणि दंतोपंत तिथे पोचले, तेव्हा दारावर साखळी लागली होती. खिडकीच्या गजांतून गबू दिसत होता. तो फिरत होता.

"अगं बाई, इथे आहेस होय," मंदाकिनी म्हणाली. "घोरपडेभाऊ, दार उघडा. तो माझा मुलगा आहे."

"असेल," घोरपडे म्हणाला. "साहेबसुद्धा कुणाचे तरी मुलगे असतातच, वहिनी. पण नातेवाइकांना आत सोडता येत नाही. कामावर परिणाम होतो."

"कसलं काम? दोन वर्षांचा आहे तो."

"फार लवकर वर आले," घोरपडे कौतुकाने म्हणाला.

मंदाकिनीने गजांतून सोंड आत घातली. "गबू, चल राजा. घरी जायचं ना?"

"नको," गबू म्हणाला. दोन वर्षांच्या मुलाला काहीही विचारले तरी हेच उत्तर येते. पण हे घोरपड्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या घरी अंडी होती.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "विनंती फेटाळली."

दंतोपंत आता पुढे झाले. त्यांनी शांतपणे विचारले, "हा प्रौढ नसून बालक आहे, असं ठरवून घ्यायचं असेल तर काय करावं लागतं?"

"अर्ज."

"कुणाकडे?"

"वयासंबंधीची तक्रार. म्हणजे तक्रार अधिकाऱ्यांकडे."

"म्हणजे गबूकडे."

"गबूसाहेबांकडे," घोरपडे म्हणाला.

"अहो, याच्याशी काय बोलताय?" मंदाकिनी म्हणाली. "तुम्ही हत्ती आहात ना? दार मोडा."

दंतोपंतांनी दाराकडे पाहिले. दार फळकुटाचे होते. एका धक्क्याचे काम. पण दारावर 'ढकलू नये' असे लिहिले होते आणि दंतोपंतांना वाचता येत होते. शिक्षणाचा हा एक तोटा आहे.

त्या जंगलात अर्ज केळीच्या पानावर लिहीत. दंतोपंतांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, खाली 'आपला नम्र पिता' अशी सही केली आणि खिडकीतून आत सारला. घोरपड्याने तो साहेबांपुढे ठेवला. गबूला सकाळपासून नीट खायला मिळाले नव्हते. त्याने पान सोंडेत धरले, उलटसुलट पाहिले आणि खाल्ले.

"अर्जाची आवक झाली," घोरपड्याने नोंद केली.

"आणि जावक?" दंतोपंतांनी विचारले.

"उद्या सकाळी. साहेबांचं पोट साफ असेल तर."

मंदाकिनीने नवऱ्याकडे पाहिले. "आणखी एक लिहा," ती म्हणाली. "जरा मोठ्या पानावर. भुकेला आहे तो."

बाळांनो, आईचे कायद्याचे ज्ञान तेवढेच असते.

संध्याकाळ झाली. धबधबा बंद केला. पक्ष्यांच्या किल्ल्या संपल्या. गुलाबी हत्ती मधोमध उघडला आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या दिशांना घरी गेले. कासवआजोबांना न्यायला त्यांचा पणतू आला. आजोबा यायला तयार नव्हते.

खुर्ची फिरायची थांबली. गबूला झोप येऊ लागली. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि ओठ काढले. मग तो रडू लागला. घोरपड्याने लगेच लिहिले, की साहेबांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. गबूने छत्री फेकली. साहेबांनी गंभीर दखल घेतली. गबूने टेबल उलटे केले. साहेबांनी कार्यालयाची पुनर्रचना केली.

मंदाकिनी गजांना कपाळ लावून उभी होती. तिला कळत होते, की याला काय हवे आहे. त्याला मात्र ते मागता येत नव्हते. त्याने 'नको' म्हणून पाहिले. 'माझं' म्हणून पाहिले. 'भूर' म्हणून पाहिले. तिन्ही शब्द संपले. त्याने मोठा श्वास घेतला, आणि आजपर्यंत एकदाही न म्हटलेला शब्द तो म्हणाला.

"आई."

या शब्दासाठी मंदाकिनी दोन वर्षे थांबली होती. तो ऐकू आला तेव्हा मध्ये गज होते. तिने सोंड जाईल तेवढी आत घातली.

घोरपड्याची लेखणी थांबली. त्याने आदराने मान हलवली.

"साहेब आईवरून बोलायला लागले," तो दंतोपंतांना हळूच म्हणाला. "आता पक्के झाले. आमच्या आधीच्या साहेबांचे इथवर यायला पार केस पिकले होते."

गबूने आईची सोंड धरली आणि खुर्चीतच झोपला. घोरपड्याने दारावर 'साहेब बैठकीत आहेत' अशी पाटी लावली आणि तो पावलांचा आवाज न करता घरी गेला.

मंदाकिनी खिडकीशी उभी आहे. सोंड काढली तर तो जागा होईल, म्हणून ती हलत नाही. दंतोपंतांनी जरा मोठ्या पानावर नवा अर्ज लिहून दारापाशी ठेवला आहे. दार मोडण्याची परवानगी मिळावी, असा जोडअर्जही त्यासोबत आहे. दोन्ही अर्ज साहेबांच्या विचाराधीन आहेत.

तात्पर्य : मुलाला तीन शब्द आले की लगेच नोकरीला लावावे. चौथा शिकला की कामात त्याचे मन लागत नाही.