गळतीमुक्त इमारत

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या शॉवरमधून दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या ओट्यावर पाणी टपकत होते, याबद्दल दोन्ही घरांत पूर्ण एकमत होते. मतभेद फक्त इमारतीच्या देखभाल समितीचा होता, आणि समितीच्या परवानगीवाचून इमारतीत कोणाला छिन्नीसुद्धा उचलता येत नसे.

सूनबाईंना घाई होती. सासूबाईंच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. सोळा दिवसांनी त्या घरी येणार होत्या. दुसऱ्या न्हाणीघराचा उंबरा गुडघाभर उंच. खुर्चीवर बसून अंघोळ करता येईल अशी जागा घरात एकच, आणि तीच गळकी. इस्पितळात ओल्या फडक्याने अंग पुसून घेणाऱ्या सासूबाईंची मागणीही एकच होती: घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचे.

मिस्त्रींनी शॉवर पाहून नऊ दिवस सांगितले. "ताई, टाइल पाणी अडवत नाही, ती नुसती दिसते. अडवतो तो खालचा थर, आणि तो संपलाय. सगळं फोडायचं, थर नव्याने द्यायचा, दोन दिवस पाणी साठवून बघायचं. मग टाइल."

समितीने अर्जाचे उत्तर तिसऱ्या दिवशी लेखी दिले. मागच्या वार्षिक सभेत इमारत एकमताने गळतीमुक्त घोषित झालेली असल्याने तीत गळती संभवत नाही. तरीही ओट्यावर पडते ते पाणी असल्यास, ते अर्जदाराच्याच शॉवरचे असल्याचा पुरावा जोडावा.

सूनबाई चौदा वर्षे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. पुरावा म्हटल्यावर त्यांना उलट बरेच वाटले. त्यांनी शॉवरमध्ये लाल खायचा रंग कालवलेले पाणी सोडले. चाळीस मिनिटांत मावशींचे दूध गुलाबी झाले. समितीचे तिघे पातेल्याभोवती बराच वेळ गंभीरपणे उभे राहिले आणि चार दिवसांनी अहवाल आला: नियमावलीनुसार पाणी रंगहीन असते, सदर द्रव लाल असल्याने तो समितीच्या कक्षेबाहेर आहे. सूनबाईंनी रंगाशिवाय प्रयोग पुन्हा केला. या वेळी ते पाणी असल्याचे समितीने मोठ्या मनाने मान्य केले. मात्र ते कोणाचे, हे त्यावरून कळत नव्हते.

"अहो, पण छत ओलं दिसतंय ना तुम्हाला?" मावशींनी विचारले.

"दिसतंय की," अध्यक्ष म्हणाले. "दिसण्याला आमची हरकत नाही."

सासूबाई यायला सहा दिवस उरले तेव्हा सचिवकाकांनी सूनबाईंना जिन्यात गाठले. गळती हा शब्दच कशाला लिहिता, म्हणाले. सुशोभन लिहा, संध्याकाळपर्यंत परवानगी.

"पण गळतंय, काका."

"कोणाकडे गळत नाही? माझ्याकडे चार वर्षं गळतंय. छताखाली दुसरं छत ठोकलं, त्यात दिवे बसवले. तुमची एक गळती लिहून घेतली की सगळ्यांच्या लिहाव्या लागतील. मग या इमारतीत राहायला येणार कोण?"

सुशोभनाचा अर्ज एका पानाचा होता. काम फक्त पृष्ठभागावर करावे, अशी अट होती आणि तळाशी हमी छापलेली होती: 'टाइलखालचा थर उत्तम स्थितीत असल्याचे मी स्वतः तपासले आहे.' प्रयोगशाळेत न तपासलेल्या पाण्याच्या एकाही बाटलीवर सूनबाईंनी आजवर सही केली नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि सही केली. अक्षर नेहमीसारखेच आले.

जुन्या टाइलवरच नवी चिकटवायची, हे ऐकून मिस्त्रींनी छिन्नी पिशवीत परत ठेवली. "दिसेल छान," एवढेच म्हणाले.

पुरावा बघायला समितीचे तिघे आले होते. टाइल निवडायला अकराच्या अकरा आले. चकचकीत की खरखरीत, यावर दोन तास चर्चा होऊन मतदान झाले. मावशीही वर आल्या, नव्या टाइलवरून हात फिरवून वा वा म्हणाल्या आणि दुकानाचा पत्ता घेऊन गेल्या. सूनबाईंनी आता जिवाला लावून घेऊ नये, असेही त्यांनी समजावले. त्यांच्या ओट्यावरच्या छताचे माप सुतार सकाळीच घेऊन गेला होता.

ठरल्या दिवशी सासूबाई घरी आल्या. सूनबाईंनी त्यांना धरून खुर्चीवर बसवले आणि डोक्यावरून कोमट पाणी सोडले. सासूबाईंनी डोळे मिटले.

"खाली गळत होतं ना गं? आता कुठे जातं पाणी?"

"खालीच जातं, आई."

"मग त्यांची तक्रार?"

"आता नाही."

"मग आणखी थोडं सोड," सासूबाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात शॉवर पाहायला सतरा जण आले. खाली काय केले, हे एकानेही विचारले नाही. एवढे वाचूनही ज्यांना टाइलचा रंग कळला नाही म्हणून चुकचुकल्यासारखे वाटत असेल, त्यांच्यासाठी नमूद केलेले बरे: फिकट राखाडी, कडेने निळी रेघ. फार छान दिसते.