देवरावकाकांचा फुटपाथ

देवरावकाका कुणाकडे चहाला गेले की चपला काढायच्या आधी ओट्यावर पाणसळ ठेवतात. गवंड्याकडे असते ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, तीच. मग चष्मा कपाळावर चढवून निकाल देतात, "बुडबुडा पळून राहिला तुमचा!" माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, आपल्याला काही रोगबिग झाला.

रिटायर मास्तर, घरात गप पेपर वाचावा, तर हे निघाले गल्ली सपाट करायला. आमच्या पांढुर्ण्यात जो तो नालीवर फरशी टाकून ओटा पुढं काढतो. एकाचा उंच, एकाचा बुटका, वर मोटरसायकल. पायी जाणाऱ्यानं भर रस्त्यातून जावं अन् ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या खाव्या. "चालाले जागा नाई, अन् म्हणे जिल्हा झाला!" काका करवादतात.

सगळ्यांनी ओटे तोडायचे अन् कोपऱ्यावरच्या मंदिरापर्यंत एकसारखा फुटपाथ करायचा, ही त्यांची योजना. घरोघरी फिरले. सगळे म्हणाले, "पहिले तुमचा तोडा मास्तर, मंग आम्ही आहोच." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो, शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी मजूर लावून ओटा फोडला, दारापासून उतार देऊन सपाट फरशी घातली. बाकी गल्लीतला एक दगड हलला नाही.

मी चिडलेच. "काका, अक्कल गहाण ठेवली का? काकू बसायच्या न त्या ओट्यावर!"

"तिच्यासाठीच तं केलं, बाई. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिले पायरी चढता येत नाई. डॉक्टर म्हणते रोज चालवा. कुठं चालवू?"



आता रोज संध्याकाळी काकूंचा हात धरून ते घरापुढच्या तेवढ्या तुकड्यावर चालतात. इकडं कापूसवाल्यांचा ओटा, तिकडं शिंप्याचा, मधे हे दोघं. जामसांवलीच्या मारुतीला पायी येईन, हा काकूंचा नवस राहूनच गेलाय. म्हणून काका सारखे सांगतात, "चाल, जामसांवली आता दूर नाई."

काल शिंप्याच्या ओट्याशी काकू थांबल्या. ओट्याच्या दगडापुढं त्यांनी हात जोडले. मी समोरच्या खिडकीतून पाहत होते.

"झाला माझा नवस," काकू म्हणाल्या. "आता ओटे तोडा म्हणत कोणाच्या दारी नका जाऊ, जी. लोक हासून राहिले तुमच्यावर."